निनेव्हेची भाऊबंदकी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचें घर पाहुण्यांनीं भरून गेलें होतें. पुण्याचे, नागपूरचे, बडोद्याचे पुतणे-भाचे एकत्र जमले म्हणजे त्यांस कोठेंतरी फिरवून आणण्याची कामगिरी प्रस्तुत लेखकाकडे येते. आणि ह्या खेपेस ती मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत पार पडली. तेथें प्राचीन असीरियाच्या राजवाड्यांतील कांहीं कोरीव शिलापट्ट आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इराकांतील निमरूदच्या टेकाडांतून असे पुष्कळ पाषाण निघाले. फुगविलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवर लादून ते तैग्रिस नदीनें बसऱ्यास आणीत, आणि तेथून विलायतेस जाणाऱ्या पेट्या मुंबई बंदरावरून पुढें जात. त्यांपैकीं थोडे पाषाण आपल्याकडे राहिले.

मुलें त्या भरदार दंडांच्या आकृतींपुढें तोंडांत बोट घालून उभीं राहिलीं. मीं लागलीच आपलें पांडित्य पाजळण्यास आरंभ केला. हें राज्य एके काळीं इराणच्या डोंगरांपासून मिसर देशापर्यंत पसरलें होतें; त्यापूर्वीं एवढें विस्तीर्ण साम्राज्य त्या भागांत कोणीं पाहिलें नव्हतें; आणि तरी तें अवघ्या पंधरा-वीस वर्षांत असें कोसळलें कीं, पुढें दोनशें वर्षांनीं त्याच्या राजधानीच्या भिंतींजवळून गेलेल्या ग्रीक सैनिकांस ती नगरी कोणाची हेंहि ठाऊक नव्हतें! आमच्याबरोबर आलेल्या आत्याबाई जवळच्या बाकावर टेकल्या होत्या. त्यांनीं विचारलें, "पण बुडालं कशानं?" मीं सांगितलें: शत्रु फार झाले, पसारा आवरेना, कदाचित् पाऊसहि रुसला. आत्याबाईंनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "ते सगळं खरं रे. पण घरात काय चाललं होतं, ते सांग की."

त्या वेळीं मीं हंसून विषय पालटला. परंतु घरीं आल्यावर ह्या विषयावरचीं पुस्तकें पुन्हां चाळूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं, हंसण्यासारखा प्रश्न आत्याबाईंचा नसून माझेंच उत्तर तसें होतें. म्हणून ह्या महिन्याच्या सदरांत असीरियाच्या उदयास्ताची हकीकत वाचकांपुढें मांडीत आहें, आणि ती मांडतांना सरहद्दीपेक्षां देवडीच्या आंतच अधिक पाहणार आहें.

असुर हें मूळचें एका देवाचें व त्याच्या नगराचें नांव. आपल्या पुराणांतील असुरांशीं ह्या नांवाचा संबंध जोडण्याचा मोह पुष्कळांस होतो. पण तो सिद्ध झालेला नाहीं, तेव्हां आपण तो आवरावा हें बरें. तैग्रिसच्या कांठचें हें नगर आरंभीं राजांपेक्षां व्यापाऱ्यांचेंच होतें. इ. स. पू. १९०० च्या सुमारास तेथील सावकार गाढवांच्या तांड्यांवर कथील व लोंकरी वस्त्रें लादून सुमारें हजार किलोमीटर दूर, हल्लींच्या तुर्कस्थानांतील कानेश ह्या पेठेंत नेत. त्या पेठेच्या अवशेषांत वीस हजारांहून अधिक मातीच्या पाट्या सांपडल्या आहेत, आणि त्यांत केवळ हुंड्या व हिशेब नाहींत. घरीं राहून वस्त्रें विणणाऱ्या गृहिणींनीं परदेशीं गेलेल्या नवऱ्यांस लिहिलेलीं पत्रेंहि आहेत. मालाचे पैसे पोंचले नाहींत, घरांत दाणा उरला नाहीं, तुम्हीं यावें कधीं, असा त्यांचा आशय. चार हजार वर्षांपूर्वींचीं हीं पत्रें वाचतांना तीं आपल्याच एखाद्या जुन्या पेटींतलीं असावींत असें वाटतें.

ह्या वैश्यवृत्तीच्या नगराचें क्षात्रवृत्तीच्या राज्यांत रूपांतर होण्यास कित्येक शतकें लागलीं. देश सपाट; नैसर्गिक तट असा नाहीं; पूर्वेस व उत्तरेस डोंगरी टोळ्या, पश्चिमेस वाळवंटांतले भटके. दुसऱ्यानें आपल्यावर येण्यापूर्वीं आपण त्याच्यावर जावें, ही रीत प्रथम गरजेनें पडली आणि पुढें ती संवयीची झाली. इ. स. पू. ८८३ ते ८५९ पर्यंत राज्य करणाऱ्या दुसऱ्या अशुरनासिरपालानें काल्हु येथें, म्हणजे हल्लींच्या निमरूदास, नवी राजधानी उभारली. तिच्या उद्घाटनाच्या मेजवानीस ६९,५७४ माणसें दहा दिवस जेवलीं, असें त्यानें शिलेवर खोदवून ठेविलें आहे. मेजवानीचा हिशेब ज्या अभिमानानें दिला, त्याच अभिमानानें बंडखोरांचीं कातडीं सोलल्याचा वृत्तांतहि त्यानें खोदविला. भय हें त्या राज्याचें एक शस्त्रच होतें. आणि तें लपविण्याची त्या राजांस गरज वाटत नसे, उलट तें दूरवर पोंचावें अशीच त्यांची इच्छा असे.

तथापि नुसत्या भयावर साम्राज्य उभें राहत नाहीं. इ. स. पू. ७४५ मध्यें गादीवर आलेला तिसरा तिग्लथ-पिलेसर हा खरा घडविणारा पुरुष. त्यानें बड्या सरदारांचे अवाढव्य प्रांत तोडून लहान केले, त्यांवर राजास जबाबदार असे अधिकारी नेमले, कायमचें सैन्य उभारलें, आणि जिंकलेल्या देशांतील लोकांस उठवून दुसऱ्या टोंकास वसविण्याचा प्रघात मोठ्या प्रमाणावर चालू केला. ह्या स्थलांतरांत कुटुंबें बहुधा फोडीत नसत. बायकामुलें गाड्यांत बसून बापाबरोबर चाललीं आहेत, असें शिल्पांत दिसतें. हेतु दयेचा नव्हे, सोयीचा होता: कुटुंबवत्सल माणूस नव्या जमिनींत मूळ धरतो व पळून जात नाहीं. ठराविक टप्प्यांवर ताजीं खेंचरें सज्ज ठेवून राजाचे जासूद हुकूम घेऊन धांवत. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास इस्रायलची राजधानी समारिया पडली. पुढें सेनाखेरिबानें निनेव्हे नगरी आपली राजधानी केली. सुमारें बारा किलोमीटर घेराचा तट, डोंगरांतून आणलेले कालवे, आणि जेरवान येथें एक ओढा ओलांडण्यासाठीं वीस लाखांहून अधिक दगडांनीं बांधलेला जलसेतु! त्या सेतूचे अवशेष अजून उभे आहेत. हा झाला उत्कर्ष. तो खरा होता आणि दांडगा होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं.

आतां घरांत येऊं.

असीरियाच्या राजांचें सर्वांत अवघड दुखणें म्हणजे दक्षिणेचें बाबिलोन. इतर देश जिंकावे, लुटावे, त्यांवर सुभेदार बसवावा, इतकें सोपें. पण बाबिलोन हें त्यांचें जणूं गुरुगृह होतें. लिपि तीच, भाषा जवळजवळ तीच, विद्या तिकडची, देवहि बरेचसे तिकडचे. गुरुगृहावर हुकमत चालवावयाची कशी, हा पेंच त्यांस कधींच सुटला नाहीं. सेनाखेरिबानें आपल्या थोरल्या मुलास बाबिलोनचा राजा केलें. इ. स. पू. ६९४ मध्यें तेथील लोकांनीं त्या राजपुत्रास धरून शेजारच्या एलाम राज्याच्या हवालीं केलें; तो पुन्हां दिसला नाहीं. बापाचें काळीज पेटलें, आणि इ. स. पू. ६८९ मध्यें त्यानें बाबिलोन घेऊन उद्ध्वस्त केलें, देवळेंहि सोडलीं नाहींत. पुत्रशोक मनुष्यास काय करावयास लावील ह्याचा नेम नाहीं. परंतु त्या दिवशीं पेरलेलें वैर पुढें पाऊणशें वर्षांनीं निनेव्हेच्या दारांत उगवलें.

मध्यंतरीं दुसरेंच अरिष्ट आलें. थोरला गेल्यावर वारसा कोणाचा? आणखी वडील मुलगे हयात असतां सेनाखेरिबानें धाकट्या एसरहद्दोनास युवराज केलें. ह्या एसरहद्दोनाची आई नकिया. तिला झाकुतु असेंहि म्हणत. डावलल्या गेलेल्या अर्द-मुलिस्सि नांवाच्या मुलानें इ. स. पू. ६८१ मध्यें प्रत्यक्ष बापाचा खून करविला. एसरहद्दोन जीव वांचवून राजधानीबाहेर होता; तो सैन्यानिशीं परतला, भाऊ पळाले, आणि रक्तानें भिजलेली ती गादी त्यास मिळाली.

अशा घरांतून वर आलेला मनुष्य पुढें काय करील? एसरहद्दोन प्रकृतीनें अशक्त, मनानें शंकेखोर, पण बुद्धीनें दूरदर्शी होता. बापानें पाडलेलें बाबिलोन त्यानें पुन्हां बांधावयास घेतलें. इ. स. पू. ६७१ मध्यें मिसर देशाची राजधानी मेम्फिस त्यानें जिंकली. आपल्या मागें पुन्हां भावाभावांत रक्त सांडूं नये, ह्यासाठीं त्यानें जी व्यवस्था लाविली ती कोणत्याहि कुटुंबवत्सल पित्यास सुचावी अशीच होती. इ. स. पू. ६७२ मध्यें त्यानें सर्वांदेखत दोन मुलगे पुढें केले. अशुरबानिपालास असीरियाचें राज्य, आणि शमशशुमुकिन ह्या बहुधा थोरल्या मुलास बाबिलोनचें. मग राज्यांतील लहानथोरांकडून, मांडलिकांकडून ह्या व्यवस्थेस एकनिष्ठ राहण्याची शपथ घेवविली. सहाशेंहून अधिक ओळींची ती शपथ मातीच्या मोठमोठ्या पाट्यांवर कोरलेली असून, ती मोडणाऱ्याच्या कपाळीं येणाऱ्या शापांची यादीच कित्येक हात लांब आहे. राजाच्या पदरच्या एका विद्वानानें त्यास लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. स्वर्गांतहि जें घडलें नाहीं तें महाराजांनीं पृथ्वीवर करून दाखविलें, अशा आशयाची त्यांत स्तुति आहे. ही स्तुति कीं सभ्य शब्दांत दिलेला इशारा, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

ह्याच घरांतील आणखी एक पत्र वाचकभगिनींस विशेष रुचेल. अशुरबानिपाल युवराज असतां त्याची बहीण शेरुआ-एतिरत हिनें आपल्या भावजयीस, म्हणजे लिब्बाली-शर्रत हिला, तें लिहिलें आहे. तूं आपली पाटी कां लिहीत नाहींस, धडा कां म्हणत नाहींस. लोक काय म्हणतील, हीच का त्या राजकन्येची नणंद-भावजय? अशा थाटाचा त्याचा सूर आहे. आपण महाराजांची थोरली लेक आणि तूं घरांत आलेली सून, ही आठवण द्यावयासहि ती विसरत नाहीं. साम्राज्यें येतात आणि जातात. ही भाषा मात्र कोणत्याहि शतकांत समजावून सांगावी लागत नाहीं. परंतु विनोद बाजूस ठेवून पाहिलें तर, विद्येची केवढी चाड त्या घरांत होती तें ह्या एका पत्रावरून दिसतें. अशुरबानिपालास स्वतः लिहितां-वाचतां येई आणि त्याचा त्यास केवढा अभिमान! सिंहाची शिकार करतांनाहि त्याच्या कमरपट्ट्यांत लेखणी खोंवलेली शिल्पकारांनीं दाखविली आहे.

इ. स. पू. ६६९ मध्यें मिसरवरील नव्या मोहिमेच्या वाटेवर एसरहद्दोन वारला. घरांत वडील माणूस उरलें होतें तें एकच: नकिया, आतां आजी झालेली. नवरा पोटच्या मुलाकडून मारला गेलेला तिनें पाहिला होता; मुलगा अकालीं गेलेला पाहिला. नातवांचें तरी तसें होऊं नये म्हणून तिनें आपल्या नांवानें आणखी एक शपथ लिहविली, आणि शमशशुमुकिनासकट राजघराण्यांतील सर्वांनीं, सरदारांनीं व प्रजेनें अशुरबानिपालाविरुद्ध कट करूं नये, कोणाचा कट कानांवर आल्यास तो तिला व राजाला कळवावा, असें त्यांत बांधून घेतलें. ती पाटी आजहि वाचतां येते.

पुढच्या वर्षीं शमशशुमुकिन देवमूर्तीसह बाबिलोनांत मोठ्या थाटानें गेला. सोळा वर्षें वरून सर्व शांत होतें. पण ह्या सोळा वर्षांतला पत्रव्यवहार पाहिला म्हणजे दुखणें कोठें होतें तें कळतें. शमशशुमुकिनास राजा हें नांव होतें, मुकुट होता, उत्सवांत पहिला मान होता. परंतु सैन्य निनेव्हेचें. परराष्ट्रांशीं बोलणें निनेव्हेचें. दक्षिणेकडील अनेक नगरांचे अधिकारी आपले अहवाल बाबिलोनच्या राजास न पाठवितां परभारें निनेव्हेस पाठवीत. देवळांचा जीर्णोद्धार केला तरी शिलालेखांत अशुरबानिपालाचें नांव. सर्वांत मर्मभेदक गोष्ट ही कीं, बाबिलोनचें राज्य भावाला आपणच दिलें, असें अशुरबानिपाल आपल्या लेखांतून सांगूं लागला. वस्तुतः तें दिलें होतें बापानें. बापाच्या वांटणीनें आलेला हक्क आणि भावाच्या उपकारानें मिळालेली देणगी ह्यांतलें अंतर ज्यांच्या घरीं कधीं वांटण्या झाल्या आहेत त्यांस मीं सांगावें असें नाहीं.

इ. स. पू. ६५२ मध्यें शमशशुमुकिन उठला. एलाम, अरब, खाल्दी टोळ्या, निनेव्हेवर ज्याचा ज्याचा दांत होता ते सर्व त्यास मिळाले. अशुरबानिपालानें बाबिलोनच्या नागरिकांस पाठविलेलें एक पत्र शिल्लक आहे. त्यांत तो भावाचा उल्लेख भाऊ म्हणून करीत नाहीं, "अभाऊ" म्हणूनच करतो, आणि ह्या अभावाच्या पोकळ शब्दांवर विश्वास ठेवूं नका असें विनवितो. नागरिकांनीं ऐकलें नाहीं. वेढा पडला. आंत अन्न संपलें. भुकेनें लोकांनीं काय काय खाल्लें ह्याचें वर्णन विजेत्याच्या लेखांत आहे, तें येथें देववत नाहीं. इ. स. पू. ६४८ मध्यें नगर पडलें आणि शमशशुमुकिन आगींत जळून मेला. ती आग शत्रूनें लाविली कीं त्यानें स्वतः, तें लेखांत स्पष्ट नाहीं. देवांनीं त्यास अग्नींत लोटलें, एवढेंच विजयी भाऊ सांगतो.

ह्या भावांची गोष्ट लोकांच्या तोंडीं पुढें कित्येक शतकें राहिली. मिसर देशांत सांपडलेल्या एका पपायरसावर ती अरामी भाषेंत आलेली आहे, आणि तींत दोघां भावांत समेट घडवावा म्हणून धडपडणारी एक बहीण आहे. वर जिचें पत्र सांगितलें तीच ही शेरुआ-एतिरत. प्रत्यक्षांत तिनें मध्यस्थी केली कीं नाहीं हें त्या गोष्टीवरून ठरत नाहीं. पण ऐकणाऱ्यांस ती तेथें असावी असें वाटलें, हेंहि कांहीं थोडें नाहीं.

विजय तर मिळाला. अशुरबानिपालानें मग एलामवर राग काढला आणि इ. स. पू. ६४७ च्या सुमारास त्याची राजधानी सुसा धुळीस मिळविली. निनेव्हेच्या राजवाड्यांतील एका शिल्पांत राजा द्राक्षवेलीखालीं पहुडला आहे, समोर राणी बसली आहे, वाद्यें वाजत आहेत, आणि बाजूच्या झाडाला पूर्वींच्या लढाईंत मारलेल्या एलामी राजाचें शिर टांगलें आहे. पाटी लिहीत नाहीं म्हणून नणंदेचे बोल खाणारी ती लिब्बाली-शर्रत हीच. परंतु ह्याच राजाच्या उत्तरकाळांतल्या एका लेखांत अगदीं वेगळा स्वर ऐकूं येतो. देवांचें व माणसांचें मीं भलें केलें, मग आजार, राज्यांत कलह आणि घरांत भांडण माझी पाठ कां सोडीत नाहींत, असें तो देवांस विचारतो. जगज्जेत्यानें विचारलेला हा प्रश्न, आणि आत्याबाईंनीं बाकावरून विचारलेला तो प्रश्न, ह्यांत फारसें अंतर नाहीं.

अशुरबानिपालाच्या मृत्यूनंतर (तो इ. स. पू. ६३१ च्या सुमारास झाला) गादीसाठीं पुन्हां झगडे लागले. एका अशुर-एतिल-इलानीनंतर दुसरा भाऊ सिन-शर-इश्कुन. मध्यंतरीं एका सेनापतीनेंहि सिंहासन बळकावून पाहिलें. ह्या गोंधळांत इ. स. पू. ६२६ मध्यें नबोपोलस्सर ह्यानें बाबिलोनची गादी घेतली, आणि दक्षिण हातची गेली ती कायमची. पूर्वेकडून मीड लोक आले. इ. स. पू. ६१४ मध्यें त्यांनीं असुर हें मूळ नगर घेतलें, तेथेंच त्यांचा व बाबिलोनचा करार झाला, आणि इ. स. पू. ६१२ मध्यें तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर निनेव्हे पडली. १९८९-९० मध्यें तिच्या एका वेशींत जें उत्खनन झालें त्यांत वाटेवरच पडलेल्या माणसांचे सांगाडे सांपडले. शस्त्रांच्या जखमा त्यांच्या हाडांवर आहेत. उरलेसुरलें सैन्य हारान येथें तीन वर्षें झुंजलें आणि मग असीरियाचें नांव पटावरून पुसलें गेलें. एकेकाळीं जिंकलेला मिसर देश तेवढा स्वार्थापोटीं मदतीस आला. बाकी कोणी आलें नाहीं. ज्यांस तीनशें वर्षें भय दाखविलें, ते संकटकाळीं धांवून येत नाहींत.

येथें विवेकाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. भाऊबंदकीनेंच साम्राज्य बुडालें असें म्हणणें फार सोपें होईल. शमशशुमुकिनाच्या मृत्यूपासून निनेव्हेच्या पाडावापर्यंत छत्तीस वर्षें गेलीं. उत्तर इराकांतील एका गुहेंतल्या चुनखडीच्या स्तंभांचा अभ्यास २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यावरून असें दिसतें कीं, साम्राज्याच्या भरभराटीचा काळ चांगल्या पावसाचा होता, आणि इ. स. पू. सातव्या शतकांत दीर्घ अवर्षण पडलें. निनेव्हेसारख्या अफाट नगराचें पोट भरणाऱ्या कोरडवाहू शेतीस तें जड गेलें असेल. एलाम मोडल्यामुळें मीड लोकांस आडकाठी उरली नाहीं, असेंहि कांहीं अभ्यासक म्हणतात. हीं सर्व कारणें मान्य. पण अवर्षण पूर्वींहि पडलें असेल, शत्रु तर नेहमींच होते. घर एकजीव असतें तर कदाचित् तें सांवरलें असतें. ज्या चार वर्षांत राज्याचें बळ एकमेकांवर खर्च झालें, त्यांनंतर तें पूर्वींसारखें कधीं भरून आलें नाहीं.

आणि इतिहासाचा उपरोध पाहा. एसरहद्दोनाच्या शपथेच्या पाट्या १९५५ मध्यें निमरूदच्या नबू देवतेच्या मंदिरांत सांपडल्या, त्या छिन्नविच्छिन्न स्थितींत. ज्यांच्याकडून ती शपथ घेतली गेली त्या पाट्यांवर नांवें आहेत मीड प्रदेशांतील सरदारांचीं! मंदिर लुटलें गेलें त्या वेळींच त्यांचा चुरा झाला. शपथ घेणाऱ्यांच्याच वंशजांनीं ती जमिनीवर आपटली असावी, असें समजण्यास जागा आहे.

इ. स. पू. ४०१ मध्यें झेनोफन आपल्या ग्रीक सैन्यासह ह्याच वाटेनें परतला. निमरूद व निनेव्हे ह्यांचे ओसाड तट त्यानें पाहिले, त्यांची उंची-रुंदी टिपून ठेविली, आणि हीं मीड लोकांचीं जुनीं नगरें असें लिहून तो पुढें गेला. नांव बुडालें तें असें. तरीहि सर्व बुडालें नाहीं. अशुरबानिपालानें देशोदेशींचे ग्रंथ गोळा करून जो संग्रह केला होता, तो मातीच्या पाट्यांवरचा. राजवाडा जळाला तेव्हां कागद असता तर राख झाला असता, पण माती भाजून अधिक टणक झाली. मोसुल येथें जन्मलेल्या होर्मुझ्द रस्साम ह्यानें १८५३ मध्यें तो राजवाडा शोधून काढला. आज सुमारें तीस हजार पाट्या व तुकडे ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत, आणि त्यांतल्याच एकीवर जॉर्ज स्मिथ ह्यास १८७२ मध्यें जलप्रलयाची प्राचीन कथा वाचावयास मिळाली. भावास जिंकून मिळविलेलें राज्य गेलें. पाटी लिहिण्याची जी शिस्त त्या घरांत होती ती राहिली. २०१५ मध्यें निमरूदचे अवशेष सुरुंग लावून उडविण्यांत आले, तेव्हां तर मातीच्या त्या पाट्यांची किंमत अधिकच पटली.

हा सर्व वृत्तांत मीं परवां आत्याबाईंस वाचून दाखविला. आजीनें शपथ घातली तेथें त्यांनीं मला थांबविलें. "कोणाकोणाला घातली शपथ?" मीं सांगितलें: दुसऱ्या नातवाला, इतर भावांना, सरदारांना, सगळ्या प्रजेला. "आणि ज्याला मोठं राज्य मिळालं, त्यानं काय कबूल केलं?"

मीं पाटीचें भाषांतर पुन्हां काळजीपूर्वक पाहिलें. अशुरबानिपालानें आपल्या भावास अमुक द्यावें, त्याच्या मानास जपावें, असें एक अक्षरहि त्यांत नाहीं. धाकट्याविरुद्ध कोणीं जाऊं नये एवढेंच पुन्हां पुन्हां आहे.

"मग ती शपथ कसली?" आत्याबाई म्हणाल्या, आणि निवडावयास घेतलेलें तांदळाचें सूप त्यांनीं पुढें ओढलें.